मास्तर माझं खरं म्हणाले तेव्हा

ये गं, अशी जवळ सरक. दारात उभं राहून बोलायच्या गोष्टी नाहीत ह्या. आणि आधी सांग, सकाळपासून पोटात काही घातलंस का? नाही ना? मला ठाऊकच होतं. घरात कुणाला मोठा आजार निघाला की तुम्ही बाया आधी जेवण सोडता, मग बोलणं सोडता, आणि डॉक्टर काही सांगायला लागला की पदराचं टोक पिळत नुसत्या माना हलवता. वेड्या गं वेड्या. मीही तशीच होते म्हणून रागावते. तू कोण, कुठली, मला माहीत नाही. पण हे वाचायला घेतलंस त्या अर्थी तुझ्याही घरात कुणाच्या तरी डोक्याचा फोटो काढायला सांगितला असणार. म्हणून माझ्यावर गुदरलं ते सांगते. गोड काही नाही ह्यात, आधीच बोलून ठेवते.

मास्तरांची गाठ मला पहिल्यांदा दिसली ती पुण्याच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात, भिंतीवरच्या उजेडाच्या पेटीवर. मास्तर म्हणजे माझे मालक. शाळेतले मास्तर नव्हेत. देवळाली प्रवऱ्यात त्यांचं कपडे शिवायचं दुकान, आणि शिंप्याला आमच्याकडं मास्तरच म्हणतात. मोठ्या डॉक्टरांनी काळी फिल्म त्या पेटीवर खोचली. शिरांचं जाळं पांढरं दिसत होतं, आणि एका अंगाला त्या शिरा कुणी बोटानं सारून ठेवल्यासारख्या वाकलेल्या. ह्या तपासणीला अँजिओग्राफी म्हणतात. मानेतल्या रक्तवाहिनीत सुईनं औषध सोडायचं आणि ते मेंदूत पोचलं की भराभर एक्स-रे काढायचे. मास्तर मागाहून म्हणाले, डोक्यात कुणी उकळता चहा ओतला असं वाटलं.

"ब्रेन ट्यूमर आहे," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे मेंदूत गाठ आहे. डाव्या बाजूला."

मी म्हटलं, साहेब, उजवीकडं दिसते की.

ते रागावले नाहीत. फोटो समोरून काढलेला असतो, पेशंट आपल्याकडं तोंड करून बसलाय असं समजायचं, म्हणून त्याचं डावं अंग आपल्या उजव्या हाताला येतं, असं दोन-दोनदा समजावत राहिले. मला पहिल्याच खेपेला कळलं होतं. माझा जन्म पडद्याच्या मागच्या अंगाला बसण्यात गेलाय.

ते कसं, तेही सांगते, नाहीतर पुढचं तुला उमजायचं नाही.

आमच्याकडं जत्रेला तंबूचा सिनेमा यायचा. मधोमध पडदा बांधलेला, पुढच्या अंगाला पुरुष, मागच्या अंगाला बाया. एकच सिनेमा, पण आम्हाला सगळं उलटं दिसायचं. माणसं डाव्या हातानं जेवायची, डाव्या हातानं कुंकू लावायची, बायांचे पदर भलत्याच खांद्यावर. शेवटची पाटी यायची तीही उलटी. मी शाळेची पायरी चढले नाही, अक्षरं पुढं दुकानातल्या रद्दीवरून शिकले, पण त्याआधी 'समाप्त' मला उलटा ओळखू यायचा.

जत्रा उठली की दुकानात कोर्ट बसायचं. आजवर पाहिलेल्या सगळ्या सिनेमांत नंबर एक कोणता? सिनेमांची खरी नावं कुणाच्या लक्षात राहत नसत, आम्ही आमचीच ठेवलेली. मास्तरांचा 'नावाड्याचा'. त्यात एक नावाडी पुराच्या पाण्यात आपल्या वैऱ्याला पैलतीरी सोडतो आणि स्वतः परत येत नाही. मास्तर तो सांगायला लागले की मशीन थांबायचं. काशिनाथचा 'वाघाचा'. काशिनाथ साखर कारखान्यावर फिटर, मास्तरांचा लहानपणापासूनचा दोस्त, आणि दुकानातला सगळ्यात मोठा आवाज त्याचा. त्याचा हिरो वाघाशी झुंजून त्याला लोळवतो. मास्तर सुईत दोरा ओवत म्हणायचे, "काशा, तुझ्या वाघाच्या पोटाला धावदोरा दिसत हुता. वाघ मेला न्हाई, उसवला." त्यावर काशिनाथ म्हणायचा की नावाड्याला पोहता येत असतं तर सगळी माणसं अर्ध्या तासात घरी गेली असती.

आणि माझा 'घंटेचा'. लढाईवर गेलेल्या लेकासाठी एक म्हातारी रोज देवळात घंटा वाजवते. एक दिवस ती पायऱ्या चढत असतानाच वर घंटा वाजते. लेक आलेला असतो. एका बाहीत हात नसतो, दुसऱ्या हातानं वाजवत असतो. आता तो हात कोणता? आम्ही बायांनी पाहिलं की उजवा गेलाय आणि डाव्यानं वाजवतोय. मास्तर म्हणायचे, डावा गेलाय. मी म्हणायचे, उजवा, कामाचा हात गेला म्हणून तर म्हातारी तशी ओरडली. आता पडद्यामागून उलटं दिसतं हे काय मला कळत नव्हतं? कळत होतं. पण वीस-बावीस वर्षं त्या हातावरून आम्ही भांडलो. मूलबाळ, सोयरसुतक, सगळं झालं, पण हात काही ठरला नाही. दुसऱ्या कशावरून मास्तर माझ्याशी इतकं बोलत नसत, हेही खरं.

परवाच्या दुष्काळात जत्रा नावालाच भरली. तंबू आला नाही. कोर्ट मात्र बसलं, जुन्याच सिनेमांवर. मी शेजारी बसून काजं करत होते. हाताचा विषय निघाला, आणि मास्तर खाली मान घालून म्हणाले, "उजवाच गेला हुता त्याचा. तुझंच खरं."

 काशिनाथ म्हणाला, मास्तर फितूर झाला. मी घरात गेले आणि असेल नसेल त्या रव्याचा शिरा केला, त्या टंचाईत, आणि गल्लीत वाटीवाटी फिरवला. कारण विचारलं तर सांगायचे, मास्तरांनी माझं ऐकलं. बायका हसल्या. त्या दिवशी मी आरशात पाहून कुंकू लावलं, ह्या वयात.

बाई गं, तो आजार होता.

पुढं नीट ऐक, आणि तुझ्या घरी असं काही दिसलं तर थांबू नकोस. एका गिऱ्हाइकाच्या सदऱ्याला मास्तरांनी काजांच्या खुणा भलत्या पट्टीवर केल्या, बाईच्या पोलक्याला असतात तशा. काज-बटण माझ्याकडं असायचं. मी म्हटलं, अहो, हे उलटं झालंय, तर अंगावर आले. मी गप्प त्यांच्या खुणेवर काजं केली. पुढं एका सदऱ्याला दोन्ही बाह्या एकाच हाताच्या. चपला उलट्या पायांत घालून चौकापर्यंत जायचे. कापडाचा हिशेब चुकायचा. सकाळी उठल्या उठल्या डोकं धरायचे आणि ओकायचे. राहुरीच्या डॉक्टरांनी पित्ताच्या पुड्या दिल्या. आम्हीही म्हटलं, पित्तच. उन्हाळा आहे, पाणी धड नाही, वय झालंय. सकाळची डोकेदुखी आणि त्यासोबत ओकारी, हे पित्त म्हणून सोडू नका. एवढं एक वाक्य तू चार जणींना सांगितलंस तरी माझं लिहिणं वसूल झालं.

शेवटी चष्मा बदलायला म्हणून नगरला डोळ्याच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी अंधाऱ्या खोलीत बारीक दिवा धरून डोळ्याच्या आत पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि म्हणाले, "चष्म्याचं काम नाही हे. पॅपिलिडिमा आहे." म्हणजे डोळ्यामागच्या नसेला सूज. कवटीच्या आत दाब वाढला की ती येते. पुण्याला न्या म्हणाले, घरी जाऊन विचार करत बसू नका. आम्ही अंगावरच्या कपड्यांनिशी एस.टी.त बसलो.

पुण्यात डॉक्टरांनी मास्तरांना समोर बसवलं. उजव्या हातानं डावा कान धरा म्हणाले. मास्तरांनी हात उचलला, अर्ध्यावर थांबवला आणि माझ्याकडं पाहिलं. मग डॉक्टरांनी विचारलं, अंगुस्तान कुठल्या बोटात घालता? अंगुस्तान म्हणजे सुई टोचू नये म्हणून शिंपी बोटात घालतात ती पत्र्याची टोपी. चाळीस वर्षं ते बोटात होतं, घट्टा पडला होता तिथं. मास्तर पाची बोटांकडं बघत राहिले आणि त्यांना आपलं बोट सापडेना. मला वाटलं, उठून त्यांना तिथून घेऊन पळावं.

मग तो फोटो निघाला. डॉक्टरांनी मला एकटीला सांगितलं की डावं-उजवं, आपली बोटं, हिशेब आणि लिहिणं ह्या चार गोष्टी मेंदूत एकाच जागेच्या आसपास असतात, आणि गाठ नेमकी तिथं बसली आहे. त्यांचं बोलणं चालू होतं आणि माझ्या डोळ्यांपुढं शिऱ्याच्या वाट्या येत होत्या. मी विचारलं, साहेब, ह्यांनी जत्रेच्या वेळी एक गोष्ट माझ्या मनासारखी बोलून दाखवली होती. ती ह्यांच्या मनातली होती का गाठीतली? सगळं सांगितलं, तंबू, घंटा, हात. बाहेर रांग लागली होती, तरी त्यांनी ऐकून घेतलं.

"गाठ तेव्हा असणारच," ते म्हणाले. "पण ते बोलणं कुणाचं, ते मला सांगता येणार नाही, बाई."

तिथून मी बाहेर आले ती बाकावर बसले. त्या बाकावर पुढं किती बसले त्याचा हिशेब नाही. तिथली माणसं एकमेकांकडं बघत नाहीत. समोर हिरवं दार, त्याला गोल काच, आणि प्रत्येकजण त्या काचेकडं टक लावून. तू त्या बाकावर बसशील तेव्हा शेजारणीला नाव विचार. मी विचारलं नाही. माझ्या शेजारी पुणतांब्याची एक बाई होती हे मला तिचं माणूस गेल्यावर कळलं. माझी लेक पुणतांब्यालाच दिलेली, आणि मी त्या बाईशी एक शब्द बोलले नव्हते.

ऑपरेशन झालं. क्रॅनिओटॉमी म्हणतात, म्हणजे कवटीचा तुकडा उघडून आत जायचं आणि काढता येईल तेवढी गाठ काढायची. सगळी निघाली नाही. काढलेला तुकडा तपासायला पाठवला, त्याला बायोप्सी म्हणतात, आणि उत्तर आलं ग्लायोमा. मेंदूच्याच पेशींची गाठ. हिला मुळं असतात, ती चांगल्या मेंदूत शिरलेली असतात, तोडली तर माणूस तुटतो. डॉक्टर म्हणाले, थोडे महिने. आणि म्हणाले, "त्यांना सांगू नका, खचतील." मीही तेच धरून बसले. लेकीला सांगितलं, जावयाला सांगितलं. ज्याचं डोकं होतं त्याला तेवढं सोडून सगळ्यांना सांगितलं.

मास्तर शुद्धीवर आले तेव्हा उजवा हात गादीवर पडलेला, सामान ठेवल्यासारखा. डाव्या मेंदूचा हुकूम उजव्या अंगावर चालतो, म्हणून. शब्दही गेले होते. पाणी हवं असलं तरी "ते, ते" म्हणायचे आणि रडायचे. मला सारखी घंटेच्या सिनेमातली ती रिकामी बाही आठवायची. उजवा हात गेला, उजवा हात गेला, म्हणून मी बावीस वर्षं भांडत होते. घे, गेला.

मग सूज उतरवायची इंजेक्शनं सुरू झाली आणि थोडे दिवस शब्द परत आले. तुला आधीच सांगते, ह्या दिवसांना भुलू नकोस. मी भुलले. मला वाटलं, डॉक्टर चुकले.

त्याच दिवसांत काशिनाथ आला. पिशवीत भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. मी त्याला व्हरांड्यात खरं ते सांगितलं.  त्यानं नळावर जाऊन तोंड धुतलं, टोपी नीट केली आणि आत जाऊन मास्तरांच्या पायथ्याशी बसला. इकडचं तिकडचं झालं. विहिरी आटल्या, कारखान्याचं गाळप बसलं. मग गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला,

"मास्तर, मी लई इचार केला. तुमचा नावाड्याचाच खरा. एक नंबर. वाघाचं आपलं उगा चाललं हुतं."

मास्तर त्याच्याकडं बघत राहिले. मग माझ्याकडं. मग परत त्याच्याकडं. ओठ हलत होते, शब्द शोधत होते. सापडले ते एकेक करून बाहेर आले.

"काशा. म्हंजी मी जाणार व्हय?"

काशिनाथ खिडकीकडं बघायला लागला. एवढा मोठा माणूस, टोपी काढून हातात चुरगाळायला लागला. आम्ही सगळ्यांनी डॉक्टरांचं ऐकून तोंडं शिवली होती, आणि काशिनाथनं मायेपोटी एक नंबर काय दिला, मास्तरांना सगळं कळलं. बावीस वर्षं ज्यानं एक पाऊल मागं घेतलं नाही तो माणूस हार मानतोय, तर ती कशासाठी?

मला काय सुचलं कोण जाणे. मी कमरेवर हात देऊन उभी राहिले.

"भावजी, कायबी बोलू नगा," मी म्हटलं. "नावाड्याचा कसला एक नंबर? त्या मेल्याला घरी बायकू-पोरं हायेत, आन् हा वैऱ्याला सोडाया पुरात निघाला. बायकूला इचारलं का त्यानं? तिचं काय झालं म्होरं, दावलं का कुटं? असल्या मानसाला पदक देताव व्हय तुमी? भिकार सिनेमा."

सगळा वॉर्ड माझ्याकडं बघत होता. माझा आवाज फाटला होता, ते मलाही ऐकू येत होतं. मास्तरांच्या तोंडाची डावी कड हळूहळू वर गेली. उजवी गेली नाही. आणि ते काशिनाथकडं बघून म्हणाले,

"वाघ. उसवला."

"उसवला न्हाई," काशिनाथ म्हणाला. "खरा वाघ हुता, मास्तर." आणि तोंडात टोपी कोंबून बाहेर गेला.

मास्तरांनी पुन्हा विचारलं नाही. त्यांना कळलं होतं, मला कळलं होतं की त्यांना कळलंय, आणि त्या दिवसापासून मी रोज भांडले. जेवण भरवताना भांडले, कूस बदलताना भांडले. नावाडी आठव्या इयत्तेत नापास झालेला दिसतो म्हटलं. त्याला वल्हं धड धरता येत नाही म्हटलं. शेजारच्या खाटेवाल्यांनी तक्रार केली की ही बाई मरत्या माणसाशी भांडते. सिस्टर रागावून आली. मी तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. ती दुसऱ्या दिवशी पट्टी बदलताना मास्तरांना म्हणाली, तुमच्या नावाड्यापेक्षा आमच्या गावाकडं लागलेला एक साधूचा सिनेमा बरा होता. मास्तरांनी डाव्या हातानं तिला धुडकावून लावलं. त्या पोरीचं नाव मी लिहीत नाही, पण देव तिचं भलं करो.

इंजेक्शनांचा जोर ओसरला तशी पुन्हा वांती, पुन्हा गुंगी. डॉक्टर म्हणाले, घरी न्या. म्हणजे काय ते तुला सांगायला नको.

घरी शब्द राहिलेच नाहीत. डोळे मिटलेले, कधी उघडले तर कुठं बघतात ते कळायचं नाही. भांडायला मी एकटीच उरले. शेवटच्या दिवशी दुपारी मी खाटेशी बसून घंटेचा सिनेमा सांगत होते. म्हातारी पायऱ्या चढते, वर घंटा वाजते, लेक उभा आहे. उजवाच हात गेलाय, मी म्हटलं, काय म्हणायचंय ते म्हणा. मास्तरांचा डावा हात गोधडीवरून सरकला. हळूहळू, थांबत थांबत पोटावरून पलीकडं गेला आणि मेलेल्या उजव्या हातावर जाऊन पडला. तिथंच राहिला. दिवेलागणीच्या आत ते गेले.

मी आजही विचार करते. ते उजवाच म्हणून सांगत होते, का आपला हात चाचपत होते? दुकानातलं ते पहिलं बोलणं त्यांचं होतं का गाठीचं? कुठल्या फिल्मवर ते उमटलेलं नाही. लोक म्हणतात, बाई, मनाला पटेल ते धर. मनाला दोन्ही लागतं. डोळ्यांतलं पाणी आटलं की माणूस सावरलं असं लोकांना वाटतं. मी सावरले नाही. उठते, पाणी भरते, दुसऱ्याच्या दुकानाची काजं करून देते. एवढंच.

शेवटी आभार मानावेत असं म्हणतात. मानते. नगरच्या डोळ्याच्या डॉक्टरांचे, ज्यांनी आडपडदा ठेवला नाही. त्या सिस्टरचे. काशिनाथचे, त्याच्या त्या चुकीसकट. आणि शिकले म्हणशील तर हे एवढंच: आजारी माणसाला होला हो करू नका. तो अजून ह्या घरातलाच आहे, त्याच्याशी घरातल्यासारखं वागा. जन्मभर भांडलात तर भांडा. एकदम गोड व्हाल तर त्याला कळेल की तुम्ही त्याला पोचवायला निघालात.

माझी गत आता तीच झालीय बघ. दुकान बंद आहे, पण जत्रेनंतर गल्लीतली चार माणसं ओट्यावर येऊन बसतात. विषय निघाला की सगळे म्हणतात, मास्तरांचा नावाड्याचा एक नंबर, आणि काकींचा घंटेचा त्याच्या बरोबरीनं. वाघाचं नाव कुणी काढत नाही, काशिनाथही नाही. मी काहीही बोलले तरी माना डोलवतात. मला धडकी भरते गं.

तर तू ये. तुझ्या माणसाचं दुखणं आवरलं म्हणजे ये, आवरत नसलं तर त्याआधीच ये, बाकावर एकटी बसून राहू नकोस. देवळालीला एस.टी.तून उतरलीस की शिंपी मास्तरांचं घर विचार, कुणीही दाखवेल. चहा मी टाकते. पण आल्या आल्या माझी कीव करू नकोस. खाली बस आणि म्हण की काकी, तुमचा घंटेचा सिनेमा रडका होता आणि त्याचा डावाच हात गेला होता. म्हणशील ना? लवकर ये.